सोमवारी सेवाग्रामला दाखवायला जायचं आहे, डॉक्टरांना नीट सांगायचं कसं?

राळेगावची सून

नमस्कार. इथलं रोज वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. वय 39. राळेगाव तालुक्यात आमचं गाव, साडेचार एकर वावर, कापसाची पऱ्हाटी आणि तूर. घरी हे, सासूबाई आणि दोन पोरं.

मागच्या पोळ्यापासून माझ्या जिवाला बरं नाही. काय होते म्हणून कोणी विचारलं तर मला एका वाक्यात सांगताच येत नाही, सगळं तिथंच अडते. थकवा म्हणावं तर थकवा कोणाला नसते? पण निंदणाला गेलं की माझी पात सगळ्यांच्या पुढे असायची, बाया म्हणायच्या हळू चाल वं. आता माझीच पात मागे राहते, शेजारीण आपली संपवून माझ्या पातीत येते. बोअरवरून पाण्याचा गुंड आणताना मधात मंदिराच्या ओट्यावर टेकवावा लागते. छातीत अशी धडधड होते की कानात ऐकू येते. सकाळी उठली की बोटं बधिर. लहान्याच्या शाळेच्या शर्टाची बटनं लावताना बटन बोटात आहे की सुटलं ते कळतच नाही, डोळ्यानं पाहून लावावं लागते. संध्याकाळी पायाला मुंग्या. बसून उठली की डोळ्यापुढे अंधारी.

पहिल्यांदा गावातच दाखवलं. सलाईन लावली, लाल सुया दिल्या पाच. चार दिवस बरं वाटलं, मग तेच. तालुक्याला रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.8 आलं, थोडं रक्त कमी आहे म्हणून टॉनिकची एक बाटली लिहून दिली. मग दिवाळीनंतर यवतमाळला एका डॉक्टरांकडे गेलो. छातीची पट्टी (ईसीजी) काढली, थायरॉईड, शुगर, सगळं केलं. रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन कमी घ्या, झोप चांगली घ्या, असं म्हणाले. आतापर्यंत नऊ-दहा हजार गेले. सासूबाई म्हणतात बाहेरचं काही असेल, तेही करून झालं.

त्या यवतमाळच्या दवाखान्यातलं एक सांगते. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं काय होते, तर यांनीच सांगायला सुरुवात केली, "हिले थकवा येते, बरोबर जेवत नाही." मी डॉक्टरांच्या हातातल्या पेनाकडे पाहत होती. ते लिहीत होते थकवा, भूक कमी. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, अजून काही? माझ्या तोंडून निघालं, नाही. बाहेर येऊन बसस्टँडवर बाकड्यावर बसली तर एकेक आठवायला लागलं. बोटांचं सांगितलं नाही. अंधारीचं सांगितलं नाही. रात्री धडधडीनं जाग येते ते सांगितलं नाही. यांचा राग नाही मला, ते दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत आले होते. पण माझं दुखणं माझ्या तोंडून गेलंच नाही.

आता नणंद म्हणते सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये दाखव, तिथं मेडिसिनचे डॉक्टर तपासतील. मे अखेरचा नवतपा लागायच्या आत जाऊन यायचं आहे, मग मृगाची धावपळ सुरू झाली की घरातून कोणी हलत नाही. सोमवार ठरला. माझ्यासाठी परत परत जाणं होणार नाही, म्हणून विचारते. तिथं गेल्यावर काय सांगू, किती सांगू, सोबत काय नेऊ? आणि परत टेन्शन आहे म्हणाले तर काय बोलू?

निवृत्त सिस्टर

बेटा, मी एकतीस वर्षं नर्सबाई होते, आर्वीकडच्या उपकेंद्रांवर. तुझं दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, तू म्हणतेस तुला सांगता येत नाही, आणि इथं तर किती चांगलं सांगितलंस! गुंड ओट्यावर टेकवावा लागतो, बटन बोटात कळत नाही. डॉक्टरला हेच हवं असतं. "थकवा" हा शब्द दिवसातून शंभर जणं सांगतात. "आधी जे करत होते ते आता होत नाही" हे कोणी सांगत नाही. हेच शब्द कागदावर उतरवून ने.

एकच पान. अर्धं सासूबाईंच्या बाहेरच्या गोष्टींनी भरवू नको. सगळ्यात वर तुला सगळ्यात जास्त अडवणारं काय ते लिही, एक किंवा दोन. खाली बाकीचं, प्रत्येकापुढे कधीपासून. पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत असं लिहिलंस तरी चालेल, तारीख त्यांची ते लावून घेतात. दिवसात कधी होतं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं. गेल्यावर बसायच्या आत म्हण, "डॉक्टर, मी लिहून आणलं आहे, दोन मिनिटं वाचू का?" नाही म्हणणारा डॉक्टर मी फार कमी पाहिला. आणि वाचायला घशात अडकलं तर कागद सरळ त्यांच्या हातात दे. रोगाचं नाव तू लिहू नको. बाया यायच्या माझ्याकडे, म्हणायच्या सिस्टर मला मणका आहे. अगं मणका सगळ्यांनाच आहे, दुखतं कुठं ते सांग.

टेन्शनचं. काळजीनं शरीर बिघडतं, ते खोटं नाही, म्हणून डॉक्टरावर चिडू नको. एवढंच सांग की काळजी मला आहे, पण थकवा आधी आला आणि काळजी मागून आली. मग शांतपणे विचार, "याशिवाय दुसरं काय असू शकतं? आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर कोणाकडे येऊ?" ते उत्तर तिथंच कागदावर लिहून घे.

आता खरं ते. 39 वर्षांची बाई, हिमोग्लोबिन 9.8, छातीत धडधड, आणि तुझ्या एवढ्या लांब लिहिण्यात पाळीचा एक शब्द नाही. बेटा, अंगावरून किती जातं? किती दिवस? गाठी पडतात का? रक्त कमी झालं हे तपासणीत कळलं, पण ते जातं कुठं हे कोणी विचारलं नसेल तर तू सांगायला हवं. अजून एक विचारते, लाजू नको: कच्चे तांदूळ, माती, खडू असं काही खावंसं वाटतं का? लोह कमी झालं की बायांना असं होतं. मी पोरींना भिंतीची पोपडी खाताना पाहिलं आहे. घरचे मारतात, आणि दोष त्या पोरीचा नसतो.

त्या लाल सुया बहुतेक बी-12 जीवनसत्त्वाच्या असतील. त्याही सांग, कधी घेतल्या तेही सांग. नुकत्या घेतल्या असतील तर रिपोर्टात बी-12 भरपूर दिसतं आणि मूळची कमी झाकली जाते. बोटं बधिर होणं, पायाला मुंग्या येणं, यात ते पाहावं लागतं.

आणि सोमवारची वाट सगळ्याच गोष्टींना पाहायची नसते. बसल्याजागी दम लागला, छातीत दुखलं, भोवळ येऊन पडलीस, किंवा अंगावरून इतकं गेलं की तासाला कपडा बदलावा लागतो, तर 108 ला फोन लाव, दिवस कोणताही असो.

शेळीवाला मास्तर

सिस्टरांनी मुद्द्याचं लिहिलं आहे. मी माझा अनुभव लिहितो. त्यातून तुमचा आजार कळणार नाही, पण कागदावर काय लिहायचं ते कळेल.

मी मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, घरी नऊ शेळ्या. तीन वर्षांपूर्वी कार्तिकात ताप सुरू झाला. सकाळी मी ठणठणीत. शाळेत जायचो, फळ्यावर लिहायचो, चार वाजले की अंग मोडून यायचं, सातला थंडी, रात्री इतका घाम की गोधडी बदलावी लागे. पाठ कमरेजवळ अशी दुखायची की खाली बसून हजेरी घेता येईना. रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. सात दिवस गोळ्या. आठ दिवस बरा, परत ताप. परत टायफॉईड निघाला. असं तीन वेळा. 68 किलोंचा 59 वर आलो. बायको रात्री उठून माझा श्वास चालू आहे का बघायची, हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

शेवटी थोरल्या भावानं नागपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. जायच्या आधी आठ दिवस मी एक केलं. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर रेघा आखल्या, आपण हजेरीपटाला आखतो तशा, आणि रोज चार वेळा थर्मामीटर लावून आकडा लिहिला. सकाळी 6 ला 98, दुपारी 2 ला 99.4, संध्याकाळी 7 ला 101.8, रात्री 11 ला 100. बाजूला घाम आला की एक फुली. तिथं जी डॉक्टर होती ती माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची असेल. तिनं ती पानं उलटली आणि पेन खाली ठेवलं. आत्तापर्यंत मला सगळ्यांनी विचारलं होतं ताप किती आहे. तिनं विचारलं, "ताप सुरू व्हायच्या महिनाभर आधी तुम्ही काय काय केलं?"

मी म्हटलं, काही नाही, शाळा, घर. ती म्हणाली, घरी जनावरं आहेत? आहेत. कोणी आजारी होतं? तेव्हा मला आठवलं की नवरात्रात माझी एक तरणी शेळी गाभडली होती. चार महिन्यांची गाभण, पिल्लू मेलेलं पडलं आणि वार अडकली. गुरांचे डॉक्टर यायला वेळ होता म्हणून मीच हात घालून काढली. हातात काही घातलं नव्हतं. अंगठ्याला बोराटीचा काटा मोडलेला होता, ती जखम अजून ओली होती. हे मी आधीच्या एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं. शेळीचा आणि माझ्या तापाचा काही संबंध असू शकतो हे माझ्या मनातच आलं नाही.

तिनं ब्रुसेलाची तपासणी लावली आणि तेच निघालं. गाई-शेळ्यांचा आजार, वार-पाण्यातून आणि कच्च्या दुधातून माणसाला होतो. दोन औषधं सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता. दहाव्या-बाराव्या दिवशी ताप गेला. पाठ पूर्ण मोकळी व्हायला मात्र चार महिने लागले. पोरांना शेळीचं दूध मी तेव्हापासून उकळल्याशिवाय देत नाही.

ताई, तुम्हाला ताप नाही, तुमचं हे असेल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलं "मागच्या पोळ्यापासून". त्या पोळ्याच्या आधीचे एक-दोन महिने आठवून काढा. नवीन काय सुरू केलं, काय बंद केलं, कोणतं औषध, कुठलं पाणी, कोणतं काम, घरात कोण आजारी, कोणतं बाळंतपण किंवा ऑपरेशन. तुम्हाला बिनकामाचं वाटेल तेही दोन शब्दांत लिहा. कामाचं कोणतं ते त्यांना ठरवू द्या.

पऱ्हाटी

मास्तर म्हनते ते बराबर हाये. ताई, पोळ्याच्या टायमाले आपल्या इकडे पऱ्हाटीवर फवारे चालू असते. फवारा मानूस मारते, पन टाकीत पानी कोन आनून देते? अन् संध्याकाळी त्याचे कपडे कोन धुते? बाईच. दवा कातडीतूनही अंगात जाते. माह्या घरच्या बाईले असंच डोकं दुखे, उलटीसारखं होये, डोयाले धूसर दिसे. चार दिस पाहिलं तं माहे फवाऱ्याचे कपडे धुतले की त्याच दिवशी होये. आता म्या माहे कपडे मीच धुतो, येगळ्या टोपल्यात.

2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या विषानं वीसच्या वर मानसं गेली, हे आपन इसरू नये. तुमचं तेच असन असं नाही, पन घरात कोनती दवा आनली होती त्याच्या डब्याचा फोटू काढून न्या. डब्यावर तिकोन असते. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. नाव वाचता नाही आलं तरी फोटू पाहून डॉक्टरले समजते.

अन् खर्रा, तंबाखूचं मंजन, काही असन तं तेही सांगून द्या. तिथं आपल्याले कोनी मारत नाही.

राळेगावची सून

सगळ्यांचे खूप आभार. दादा, टाकीत पाणी मीच टाकते आणि कपडेही मीच धुते. हे मी कधी धरलंच नव्हतं. लिहून ठेवलं.

सिस्टर, तुमचं वाचून मी मोबाईल खाली ठेवून दिला होता. मग रात्री परत घेतला. हो, पाळीचं आहे. दीड वर्ष होत आलं. आधी चार दिवस असायचं, आता नऊ-दहा दिवस. पहिले तीन दिवस तर वावरात जाताना सोबत कपडे न्यावे लागतात. आणि मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेतल्या, गौरीचं सोवळं असते म्हणून. त्यानंतर जास्तच झालं. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. बाया म्हणतात चाळिशीत असं होतेच.

आणि तांदूळ. सिस्टर, तुम्हाला कसं कळलं? निवडताना मूठभर बाजूला काढते आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवते. दिवसभर चावते. पोरानं एकदा पाहिलं तेव्हा म्हटलं दात शिवशिवते म्हणून. मला वाटायचं ही माझीच काही वाईट सवय आहे.

पण तिथं डॉक्टर पुरुष असले आणि हे बाजूला बसलेले असले तर कसं बोलू?

निवृत्त सिस्टर

वाईट सवय नाही गं. शरीर मागतं आहे. आणि चाळिशीत असं होतंच हे मी शेकडो बायांच्या तोंडून ऐकलं, त्यातल्या कित्येक जणी हिमोग्लोबिन सहावर आल्यावर माझ्याकडे आल्या. होतं बऱ्याच जणींना, म्हणून ते सोडून द्यायचं असतं का?

तिथं असं कर. कागदाच्या पहिल्या ओळीतच लिही: पाळी दीड वर्षापासून नऊ-दहा दिवस, फार जास्त, गोळ्या घेतल्यावर वाढली. तोंडानं बोलायची गरजच नाही. तपासायला नेतात तेव्हा नातेवाइकाला बाहेर थांबायला सांगतात, त्या वेळी बोल. किंवा आधीच सिस्टरला म्हण, मला बाईडॉक्टरशी बोलायचं आहे. पुरुष डॉक्टर असला तरी तपासताना सोबत सिस्टर हवी असं म्हणायचा तुला हक्क आहे, कोणी रागावत नाही.

पण बेटा, जमलं तर रविवारी रात्री नवऱ्याला सांग. तू लिहिलंस त्यावरून माणूस चांगला दिसतो. त्याला माहीतच नाही म्हणून तो "जेवत नाही" एवढंच सांगतो.

घरी विचार, कोणाला सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) आहे का, माहेरी सासरी दोन्हीकडे. आपल्या विदर्भात आहे तो, आदिवासींमध्ये जास्त आणि इतरही समाजांत. तुझी तपासणी झाली असेल तर त्याचं कार्ड ने.

मेडिकलवाला, दर्यापूर

काउंटरच्या या बाजूनं थोडं सांगतो. ताई, औषधांची यादी लिहीत बसू नका, घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत भरून न्या, रिकाम्या सुद्धा. लोक आमच्याकडे येऊन म्हणतात ती पांढरी गोळी द्या. पांढऱ्या गोळ्या माझ्याकडे तीनशे आहेत. पट्टीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात आतलं औषध लिहिलेलं असतं, डॉक्टरांना ते पाहायचं असतं.

लोक ज्याला औषध धरत नाहीत तेच बहुतेक वेळा सांगायचं राहतं. अंगदुखीची गोळी रोज घेता का? वर्षानुवर्षं घेतली तर पोटात आतून रक्त झिरपू शकतं. शी डांबरासारखी काळी होते का ते बघा. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून ते चालू असेल तर दोन्ही सांगा. ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी घेणारे आमच्याकडे कितीतरी आहेत. ती बरीच वर्षं घेतली तर बी-12 कमी होऊ शकतं, शुगरच्या मेटफॉर्मिननंही होतं. आणि पुडीतून मिळालेली, नाव नसलेली पावडर किंवा गोळी असेल तर ती पुडीच न्या. पाळीच्या गोळीची पट्टी उरली असेल तर नक्की ठेवा. ती आमच्यासारख्यांनी चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होती.

जुने रिपोर्ट तारखेनं लावा, नवीन वर. छातीची पट्टी उन्हात ठेवली तर पुसट होते, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आधार आणि रेशन कार्ड सोबत असू द्या. फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, बाहेरून दाखवण्यासाठी थोडे पैसे जवळ ठेवाच. पुढे लागणाऱ्या साध्या तपासण्या तुम्ही ग्रामीण रुग्णालयातही करू शकाल. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. यवतमाळला जाऊन तेच पैसे परत घालू नका.

लोहाची गोळी सुरू झाली तर चहासोबत घेऊ नका. लिंबूपाण्यासोबत घ्या.

राळेगावची सून

जाऊन आली. सगळं लिहिते.

रविवारी जेवणं झाल्यावर यांना सांगितलं. अंगणात बाजेवर बसले होते. मी कागदच हातात दिला, मोबाईलच्या उजेडात वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतके दिवस काहून नाही सांगितलं वं?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही. मग तेच उठले आणि घरातल्या पट्ट्या शोधायला लागले. पाळीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी देव्हाऱ्याच्या मागे सापडली. फवाऱ्याच्या डब्याचे फोटोही त्यांनीच काढले, दोन डबे, एकावर पिवळा तिकोन आणि एकावर निळा.

पहाटेच्या एसटीनं निघालो, माझं अर्धं तिकीट. वर्ध्याहून ऑटो. रांग मोठी होती, ऊन तर विचारू नका. नंबर आला तेव्हा हे दारापर्यंत आले आणि म्हणाले, तू जा, मी इथं आहो. मी एकटी आत गेली. डॉक्टर पुरुषच होते, वयानं लहान. मी म्हटलं मी लिहून आणलं आहे, तर म्हणाले वाचा. पहिली ओळ वाचताना आवाज निघाला नाही, मग कागद दिला. त्यांनी पूर्ण वाचला. तांदळाच्या ओळीखाली रेघ ओढली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पायाच्या बोटाला कापूस लावून विचारलं कळते का, गुडघ्यावर हातोडीनं ठोकलं. तराजूसारखे हात पुढे धरायला लावले. मग एका बाईडॉक्टरला बोलावलं, त्यांनी पडद्यामागे पोट तपासलं आणि पाळीचं सगळं विचारलं. एवढं मला कोणी कधीच विचारलं नव्हतं.

परत रक्त घेतलं. लोहाचा साठा, बी-12, थायरॉईड परत, सिकलसेल. फवाऱ्याचंही विचारलं, त्याची एक वेगळी तपासणी लिहिली आणि सध्या कपडे धुवायचे नाहीत म्हणाले. पोटाची सोनोग्राफी शुक्रवारी. हिमोग्लोबिन त्याच दिवशी सांगितलं, 7.9 आहे. तालुक्याला 9.8 होतं. मी विचारलं, टेन्शनमुळे आहे का? तर म्हणाले, टेन्शननं हिमोग्लोबिन दोननं उतरत नाही, रक्त कुठं जाते ते आधी पाहू. शुक्रवारपर्यंत ओझं उचलू नका, छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच भरती व्हा, असं कागदावर लिहून दिलं.

आज पाण्याचा गुंड यांनी आणला. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

सिस्टर, एक विचारायचं आहे. सोनोग्राफीला लघवी रोखून पोट भरलेलं लागते म्हणाले. एसटीत दोन तास बसायचं आहे आणि ऑटोचे हादरे वेगळे. घरूनच पाणी पिऊन निघू का?

निवृत्त सिस्टर

नको, घरून नको, वाटेत हाल होतील. तिथं पोचून नंबर लावलास की तीन-चार ग्लास पाणी पी आणि मग लघवीला जाऊ नको, तासाभरात होतं. फार जोराची लागली तर सांग, आधी घेतात. पाळी चालू असली तरी जा, त्यासाठी तारीख चुकवू नको. बाटली घरून भरून ने, आणि डब्यात भाकरी ठेव. 7.9 वर रिकाम्या पोटी उन्हात रांगेत उभं राहायचं नाही, नवऱ्याला उभं कर आणि तू सावलीत बस.

रिपोर्ट आले की आकडे इथं टाक.